डेसमंड कुणाचा?

आयर्लंडच्या केरी जिल्ह्यात, केनमेअर गावातल्या एका औषधाच्या दुकानात मुलासाठी खोकल्याचं औषध घ्यायला थांबलो होतो. बाहेर पाऊस पडत होता, पण कुणाच्या लक्षातही येऊ नये असा. काउंटरवरच्या मुलीने आतून औषधाची पिशवी आणली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि हाक मारली, "ओ'सुलिव्हन!" तीन माणसं एकदम पुढे झाली. एक बाई, एक तिशीतला तरुण, आणि ट्वीडची टोपी घातलेले एक आजोबा. कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही. मुलीने शांतपणे बापाचं नाव आणि वाडीचं नाव विचारून पिशवी ज्याची त्याला दिली. मला हसू आलेलं आजोबांनी पाहिलं असावं. ते म्हणाले, "या डोंगरात डोळे मिटून दगड भिरकावलास तरी तो ओ'सुलिव्हनलाच लागेल. चुकलाच, तर मॅकार्थीला." मग पिशवी खिशात कोंबता कोंबता, दूध संपलं म्हणून सांगावं तितक्या सहज म्हणाले, "हा केरी नव्हेच मुळात. हा डेसमंड. आमचा जिल्हाच काढून घेतला ना." आणि गेले.

कधी काढून घेतला? चारशे वर्षांपूर्वी.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शेजारच्या कॉर्कमध्ये राहणाऱ्या माणसाला डेसमंड हे नाव नवं नाही. किन्सेलला डेसमंड कॅसल आहे, अडेअरला आणखी एक आहे, आणि डेसमंड नावाचा निदान एक तरी काका इथल्या प्रत्येक घरात असतो. या सगळ्यांशी जोडलेलं घराणं एकच: फिट्झजेराल्ड, डेसमंडचे अर्ल (अर्ल म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेली मोठी सरदारकी). वेल्समार्गे आलेले नॉर्मन, इथे रुजलेले, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीशी भांडून धुळीला मिळालेले. इथपर्यंत ठीक होतं. मग एक ओ'सुलिव्हन 'आमचा डेसमंड' कुठल्या हिशेबाने म्हणतो? त्यांचा आणि फिट्झजेराल्डांचा संबंध काय, तर बराच काळ एकमेकांची गुरं पळवायची आणि उरलेला काळ एकमेकांत सोयरिकी जुळवायच्या.

पुढे कधी वाचत, कधी गाडी काढून हिंडत मी त्या वाक्याच्या मागे लागलो. हाती आलं ते जरा गमतीचं होतं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी नकाशावर 'डेसमंड' नावाचा जिल्हा आखला खरा, पण त्यात डेसमंडच्या अर्लची सत्ता नव्हतीच. आज ज्याला दक्षिण केरी म्हणतात तो भाग, किलार्नीची तळी, आयव्हेरा द्वीपकल्प, केनमेअरची खाडी, आणि कॉर्कमध्ये गेलेले बेअरा व बँट्री, असा हा मुलूख मॅकार्थी मोर ('मोर' म्हणजे थोरला, घराण्याच्या प्रमुखाची पदवी) या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, घराण्याचा आणि त्याच्या हाताखालच्या ओ'सुलिव्हन, ओ'डोनह्यू या घराण्यांचा होता. फिट्झजेराल्ड अर्लचं बळ होतं ते उत्तर केरीत, लिमरिकमध्ये, पूर्व कॉर्कमध्ये. केरीवरचे खास राजाधिकारही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच होते. म्हणजे डेसमंडचा अर्ल बसायचा केरीत, आणि डेसमंड जिल्हा होता त्याच्या हद्दीपलीकडे, त्याच्या वैऱ्याच्या ताब्यात.

नाव एकाकडे, माती दुसऱ्याकडे.

मूळ डेसमंड, म्हणजे मन्स्टर या आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या प्रांताच्या दक्षिण भागाचं राज्य, हे मॅकार्थींचंच. १११८ साली मन्स्टरचे दोन तुकडे झाले, उत्तरेचा ओ'ब्रायनांकडे गेला आणि दक्षिणेचा मॅकार्थींकडे. कॅशेलच्या खडकावर जे रेखीव देऊळवजा चॅपल आहे, ते त्यांच्यातल्याच कॉर्मक राजाने बांधलं आणि ११३४ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. नॉर्मन आले तेव्हा ११७१ मध्ये डर्मट मॅकार्थीने दुसऱ्या हेन्रीपुढे मान तुकवली. कॉर्कचं राज्य आपलंच राहील अशा आशेने तुकवली असणार. सहा वर्षांत हेन्रीने तेच राज्य आपल्या दोन सरदारांना सनद करून देऊन टाकलं. पुढच्या पाचशे वर्षांत या घराण्याच्या वाट्याला जे जे आलं, त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची.

सुपीक जमीन गेली. उरला डोंगर. आणि त्या डोंगरात १२६१ साली कॅलनची लढाई झाली. किलगार्व्हनजवळचा हा भाग मी मुद्दाम जाऊन पाहिला. डोंगरांमधली अरुंद दरी, तळाशी ओढा, सगळीकडे पाणथळ. पायाखालची जमीन दिसते हिरवी, पण बूट टाकला की चुबुक आवाज करून घोट्यापर्यंत आत जातो. मी फक्त एक रेनकोट आणि पाण्याची बाटली घेऊन होतो, तरी दहा मिनिटांत घामाघूम झालो. चिलखत चढवलेला घोडेस्वार इथे काय करणार? फिनिन मॅकार्थीने नॉर्मन सैन्याला बरोबर या चिखलात गाठलं. जॉन फिट्झजेराल्ड आणि त्याचा मुलगा मॉरिस, दोघेही पडले. फिनिनही त्याच वर्षी किन्सेलजवळ मारला गेला, पण लढाईचं काम झालं होतं. नॉर्मनांची सरहद्द त्या डोंगराशी थांबली ती जवळजवळ तीनशे वर्षं. नंतर आखलेल्या डेसमंड जिल्ह्याची सीमा खरं तर या चिखलाने आखली आहे, कुठल्या कारकुनाने नव्हे.

कॅलनला बाप आणि आजा दोघंही गेलेलं एक तान्हं पोर ट्रलीच्या वाड्यात होतं. आख्यायिका अशी की बातमी येताच नोकरचाकर रडत-ओरडत बाहेर धावले, पाळण्यापाशी कुणी राहिलं नाही, आणि घरातल्या पाळीव माकडाने त्या बाळाला उचलून थेट वरच्या कठड्यावर नेलं. खाली सगळ्यांचा श्वास अडकलेला. माकडाने बाळाचं दुपटं सोडलं, त्याला चाटूनपुसून पुन्हा गुंडाळलं आणि खाली आणून पाळण्यात ठेवलं. हा थॉमस पुढे जन्मभर 'माकडाचा थॉमस' म्हणूनच ओळखला गेला, आणि त्याच्या मुलाला १३२९ साली इंग्लंडच्या राजाने पदवी दिली: डेसमंडचा अर्ल. जो मुलूख मारायला जाऊन आजा आणि पणजा चिखलात पडले, त्याच मुलुखाचं नाव या पठ्ठ्याने कपाळावर लावून घेतलं. जमीन नाही मिळाली तर नाही, नाव तर मिळालं!

या अर्लांवर मी रागावणार होतो, पण ते जमत नाही. दोन पिढ्यांत ही माणसं इतकी आयरिश झाली की लंडनला त्यांची भीती वाटू लागली. तिसरा अर्ल जेराल्ड तर आयरिश भाषेत प्रेमकविता लिहायचा. इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश बोलू नये, आयरिशांशी लग्न करू नये, असे कायदे १३६६ साली किलकेनीत झाले, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा आयर्लंडमधला मुख्य अधिकारी म्हणून नेमला गेला तो हाच कवी. कायद्याचा मान ठेवायचा आणि घरी जाऊन कविता आयरिशमध्येच लिहायची! १३९८ मध्ये तो मेला, पण लोकांनी त्याला मरू दिलेलं नाही. लिमरिकमधल्या लॉख गुर या तळ्याखाली तो झोपलाय, सात वर्षांनी एकदा चांदीच्या नालांच्या घोड्यावरून तळ्याच्या पाण्यावर येतो, आणि ते नाल झिजून संपले की कायमचा परत येणार आहे. गंमत म्हणजे किलार्नीच्या लॉख लेन तळ्यातून मे महिन्यातल्या पहाटे असाच पांढऱ्या घोड्यावर येणारा एक जण आहे, तो मात्र गेलिक ओ'डोनह्यू. जमिनीवर शतकानुशतकं एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन्ही बाजूंचे पुढारी अखेर एकाच तऱ्हेने पाण्याखाली गेले, आणि लोकांनी दोघांचीही सारखीच वाट पाहिली.

शेवटचा मोठा अर्ल, याचंही नाव जेराल्डच, त्याची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या बटलर या सरदार घराण्याशी वैर, १५६५ ची अफेनची लढाई, जखमी होऊन वैऱ्यांच्या खांद्यावरून नेला जात असताना 'आता कुठे गेला तो मोठा डेसमंड?' या टोमण्याला त्याने दिलेलं उत्तर: 'जिथे असायला हवा तिथेच, बटलरांच्या मानगुटीवर.' पुढे दोन बंडं, आणि दुसऱ्याच्या शेवटी मन्स्टरची राखरांगोळी. इंग्रज सैन्याने पिकं जाळली, गुरं मारली. डन क्वीनपासून कॅशेलपर्यंत गाईचं हंबरणं किंवा नांगऱ्याची हाळी ऐकू येत नव्हती, असं त्या काळाबद्दल आयरिश बखरीत लिहून ठेवलंय. गाईवर ज्यांचं सगळं चालायचं, कर, हुंडा, इज्जत, युद्ध, त्या समाजाबद्दल हे वाक्य आहे. नोव्हेंबर १५८३ मध्ये ट्रलीजवळच्या ग्लानागिंटीच्या रानात अर्ल सापडला, तोही गाईंपायीच. त्याच्या उपाशी माणसांनी मोरिआर्टी नावाच्या एका घराची गुरं हाकून नेली, ते माग काढत आले, आणि झोपडीत निजलेल्या म्हाताऱ्या अर्लचं डोकं उतरवलं गेलं. ते लंडनला पाठवलं आणि तिथल्या पुलावर टांगलं. पाच लाख एकरांहून जास्त जमीन खालसा झाली. त्यातली बेचाळीस हजार एकर राणीच्या मर्जीतल्या एकट्या वॉल्टर रॅलेच्या पदरात पडली.

मला मात्र त्या डोक्यापेक्षा त्याच्या मुलाची गोष्ट जास्त लागते. जेम्स लहान असतानाच इंग्रजांच्या हाती पडला आणि पुढे लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या तुरुंगवजा किल्ल्यात, वाढला, प्रोटेस्टंट म्हणून वाढला. १५९८ साली मन्स्टरमध्ये पुन्हा बंड पेटलं आणि फिट्झजेराल्डांपैकीच एक चुलतभाऊ स्वतःला अर्ल म्हणवू लागला, तेव्हा १६०० मध्ये राणीने या पाळलेल्या मुलाला अर्ल बनवून परत पाठवलं. डाव सरळ होता: खरा वारस दिसला की लोक तिकडे वळतील. आणि लोक वळलेच. किलमॅलक गावात तो शिरला तेव्हा रस्ते, खिडक्या, घरांची छपरं माणसांनी भरून गेली होती. बायका वरून त्याच्यावर गहू आणि मीठ उधळत होत्या, भरभराट होवो म्हणून. आमच्याकडे दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या लागतात, तेव्हा हे मूठभर मीठ मला लगेच कळलं. पण पुढचा दिवस रविवार. जेम्स उठला आणि सवयीप्रमाणे प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रार्थनेला गेला. वाटेत त्या कॅथलिक लोकांनी त्याला आडवं येऊन हातापाया पडून विनवलं, जाऊ नकोस. तो गेला. बाहेर आला तेव्हा त्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या, तोंडावर थुंकले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी फिरकेना. वर्षभरात लंडनला परत जाऊन तो मेलाही. त्या पोराचं काय चुकलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. लोकांचंही काय चुकलं म्हणायचं?

हे झालं पदवीवाल्यांचं. ज्यांच्याकडे माती होती त्या मॅकार्थींना तलवारीने नाही, कागदाने मारलं. गेलिक रिवाजात जमीन राजाच्या मालकीची नसायची, ती कुळाची. राजा मेला की कुळातल्या कर्त्या पुरुषांमधून पुढचा निवडायचे. मग भाऊ, पुतण्या, चुलता कुणीही येऊ शकायचा. यातून भाऊबंदकी बेसुमार व्हायची हे खरं, पण एका घरात मुलगा नाही म्हणून मुलूख बुडत नसे. मॅकार्थी मोर नव्याने बसायचा तेव्हा ओ'सुलिव्हन मोर त्याच्या हातात पांढरी छडी द्यायचा, तेव्हा तो राजा. लंडनच्या सनदेचा त्यात प्रश्नच नव्हता.

१५६५ मध्ये डोनल मॅकार्थी मोर लंडनला गेला, आपला सगळा मुलूख राणीच्या पायाशी ठेवला, आणि राणीने तोच त्याला परत दिला, वर क्लॅनकेअरचा अर्ल ही पदवी. वरवर पाहता काहीच बदललं नाही. पण परत मिळालेल्या कागदात एक ओळ होती: जमीन औरस मुलाकडे जाईल, मुलाचा वंश नसेल तर राजसत्तेकडे. इतकंच. डोनलही कवी होता, आयरिशमध्ये लिहायचा, पीत होता, आणि कर्जात बुडालेला होता. त्याच्या एकुलत्या औरस मुलाचा वनवासात, फ्रान्समध्ये अंत झाला. जमिनी गहाण पडल्या त्या व्हॅलेंटाइन ब्राऊन या इंग्रजाकडे. मुळात मोजणीचं काम करणारा हा माणूस, त्यामुळे कुठला एकर कसला हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असणार. आता डोनलची उरली एक मुलगी, एलेन. ब्राऊनच्या मुलाशी तिचं लग्न लावायचं ठरलं. म्हणजे गहाणखत आणि वारसा एकाच घरात. हिशेब बिनचूक होता.

एलेनने तो विस्कटला. १५८८ मध्ये किलार्नीजवळच्या मकरॉसच्या मठात तिने दुसऱ्या शाखेतल्या फ्लोरेन्स मॅकार्थीशी गुपचूप लग्न केलं. हा फ्लोरेन्स पुरुषच, आयरिशमध्ये फिनिन, कॅलनच्या फिनिनच्याच नावाचा. मकरॉसला मी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन जातो, त्यामुळे तो मठ माझ्या पायांनाही पाठ आहे. छप्पर कधीच गेलंय. आतला कमानींचा चौक मात्र शाबूत आहे आणि त्याच्या मधोमध एक यूचं झाड, पीळ घातल्यासारख्या तांबूस बुंध्याचं, चारी कमानींवरून डोकं बाहेर काढून वर गेलेलं. भर दुपारीसुद्धा त्या चौकात दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटतं. खाली गवत उगवत नाही, नुसत्या सुया पडलेल्या. मठ १४४८ मध्ये मॅकार्थींनीच बांधायला घेतला, त्यांच्या कबरी तिथेच. म्हणजे ती पोरगी लग्नाला उभी राहिली ती पूर्वजांच्या डोक्यावर.

प्रेम होतं का? असेलही. पण दोन मॅकार्थी शाखा एक झाल्या तर अख्खा दक्षिण-पश्चिम कोपरा एका हातात येईल, एवढा हिशेब लंडनलाही येत होता. एलेनला कॉर्कमध्ये अटकेत ठेवलं, तिथून ती वेषांतर करून निसटली. फ्लोरेन्सची रवानगी टॉवरमध्ये. मध्यंतरी सुटला, १५९६ मध्ये सासरा वारल्यावर मॅकार्थी मोर झाला, राणी आणि बंडखोर दोघांनाही गोड बोलून झुलवत राहिला, आणि १६०१ मध्ये पुन्हा पकडला गेला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्याने लंडनमध्ये काढली, कधी कोठडीत, कधी जामिनावर, जमिनीच्या दाव्यांचे अर्ज लिहीत. अर्जांशिवाय त्याने आणखी एक लिहिलं: आयर्लंडच्या प्राचीन काळाचा इतिहास. मुलूख हातातून सुटल्यावर इतिहास लिहायला वेळ मिळतो.

राहिले ओ'सुलिव्हन. बेअराचा डोनल ओ'सुलिव्हन शेवटपर्यंत लढला. डनबॉयचा त्याचा गढ १६०२ च्या जूनमध्ये तोफांनी पाडला. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी तो ग्लेनगॅरिफहून हजारेक माणसं घेऊन उत्तरेला निघाला. त्यांतले चारशेच्या आसपास लढवय्ये, बाकी बायका, पोरं, नोकर. ऐन जानेवारी. वाटेत प्रत्येक सरदार त्यांच्यावर तुटून पडला, आणि त्यांत आयरिश सरदारही होते, हे इथल्या गाण्यांमध्ये जरा हळू आवाजात येतं. शॅनन नदी ओलांडायला होड्या नव्हत्या, तेव्हा घोडे मारले, मांस खाल्लं आणि कातडी फांद्यांच्या सांगाड्यावर ताणून होड्या केल्या. दोन आठवड्यांनी लीट्रिमला ओ'रूर्क या सरदाराच्या दारात पोहोचले ते पस्तीस जण. त्यात बाई एकच.

आणि मग १६०६. जिल्हा मोडला. मोठा भाग केरीला, बेअरा आणि बँट्री कॉर्कला. कुणी लढलं नाही, कारण लढायला कुणी उरलंच नव्हतं. एका कारकुनी दुरुस्तीत तो गेला. एवढी शतकं चिखलाने राखलेली हद्द, आणि तिच्या नशिबी जिल्हा म्हणून आली जेमतेम काही दशकं. केरीत मिळवला यालाही मला हसू येतं. ज्या केरीवर फिट्झजेराल्डांचा हक्क होता, त्याच केरीत मॅकार्थींना अखेर घातलं, पण तोवर फिट्झजेराल्ड अर्लही शिल्लक नव्हता.

गहाणखतवाले ब्राऊन मात्र राहिले. तेच पुढे केनमेअरचे अर्ल झाले, आणि गंमत म्हणजे कॅथलिकही राहिले. मॅकार्थींचा शेवटचा मोर, चार्ल्स, इंग्लंडच्या राजाच्या फौजेत अधिकारी होता. १७७० मध्ये तो मूलबाळ नसताना वारला आणि उरलीसुरली जमीन मकरॉसच्या हर्बर्ट या नातेवाईक घराण्याकडे गेली. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, घोडागाडीवाले पर्यटकांना तळ्याकाठाने फिरवतात आणि ब्राऊन, हर्बर्ट, मॅकार्थी या सगळ्यांची मिसळ करून ऐकवतात.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण १९९२ साली एक मॅकार्थी मोर पुन्हा अवतरला. बेलफास्टचा हा गृहस्थ वंशावळीचे कागद घेऊन आला, आयर्लंड सरकारच्या वंशावळ कचेरीने ते मान्य केले आणि त्याला घराण्याचा नायक म्हणून अधिकृत मान्यता दिली. त्याने मग दरबार भरवला, एक 'प्राचीन' सरदारमंडळ उभं केलं आणि पदव्या वाटल्या. हौशी अमेरिकन मंडळी रांगेत उभी राहिली. १९९९ मध्ये वर्तमानपत्रांनी आणि काही चिवट अभ्यासकांनी त्या कागदांची चिरफाड केली: वंशावळ बनावट होती. मान्यता काढून घेतली गेली. एवढी शतकं कागदाने नाडलेल्या घराण्याचा शेवटचा राजाही कागदातूनच निघावा, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी ते प्रकरण वाचताना मनापासून हसलो.

त्यात भरडले गेले ते भलतेच. ग्लेन्सच्या ओ'डोनह्यूंसारख्या घराण्यांच्या वंशावळी चांगल्या पक्क्या होत्या, त्यांनी काही कुणाला फसवलं नव्हतं. पण २००३ मध्ये सरकारने असल्या नायकांना मान्यता द्यायची प्रथाच सरसकट बंद करून टाकली. तेव्हापासून आयर्लंडमध्ये ज्याला वाटेल त्याने स्वतःला मॅकार्थी मोर म्हणवून घ्यावं. सरकारचं त्यावर काहीही म्हणणं नाही.